बायबलमधील भूतग्रस्त आणि त्यांची सुटका

मराठी बायबल प्रथमच हाती घेणाऱ्या वाचकाला 'भूतग्रस्त' आणि 'भुते काढणे' हे शब्द ओळखीचे वाटतात, आणि गफलत नेमकी तिथेच होते. आपल्याकडे भूत म्हणजे मेलेल्या माणसाचे मागे उरलेले काहीतरी. समंध, मुंजा, हडळ यांच्यापैकी प्रत्येकाच्या मागे एखादे अपुरे राहिलेले आयुष्य असते: कोणाचे लग्न राहून गेले, कोणी बाळंतपणात दगावली, कोणाचा जीव पुरलेल्या धनात अडकला. म्हणून भगत किंवा देवऋषी आधी 'तू कोण, कुठला, आणि तुला काय हवे' असे विचारतो, आणि मग उतारा देऊन त्याची बोळवण करतो. बायबलमधील ज्या ग्रीक शब्दासाठी मराठीत 'भूत' आले, तो 'दायमोनियन' मात्र असा गतजन्म असलेला कोणी म्हणून समोर येत नाही. त्याचे दुसरे नाव 'अशुद्ध आत्मा' असे आहे आणि ते अधिक नेमके आहे. त्याची कोणती इच्छा राहिलेली नसते आणि त्याला काही देऊन शांतही करता येत नाही. हे आत्मे म्हणजे देवाविरुद्ध गेलेले दूत होत, असे ख्रिस्ती धर्मशास्त्र मानते. १२१५ मधील चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या कॅथलिक चर्चच्या महासभेने, ही शिकवण अशी मांडली की सैतान आणि इतर दुष्ट आत्मे देवाने मुळात चांगलेच निर्माण केले होते, ते दुष्ट झाले ते स्वतःच्या करणीने. स्वतः बायबल मात्र त्यांच्या उगमाविषयी फारच थोडे बोलते. पहिल्या माणसांना भुलवणाऱ्या एदेन बागेतील सर्पालाही उत्पत्तीच्या पुस्तकात कुठे सैतान म्हटलेले नाही. ती जोड अगदी शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात मिळते.

जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, या विषयावर जवळजवळ मुका आहे. इब्री भाषेत 'सातान' म्हणजे विरोधक किंवा आरोप ठेवणारा. ईयोबाच्या पुस्तकात तो देवाच्या दरबारात उभा राहून नीतिमान माणसाच्या निष्ठेवर शंका घेतो, आणि देवाच्या परवानगीवाचून ईयोबाच्या अंगाला हातही लावू शकत नाही. बाधेशी सर्वांत जवळ जाणारी कथा शौल राजाची आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, १६व्या अध्यायात, परमेश्वराचा आत्मा शौलाला सोडून जातो आणि परमेश्वराकडूनच आलेला एक दुष्ट आत्मा त्याला छळू लागतो. सेवक दावीद नावाच्या मेंढपाळ पोराला बोलावून आणतात, तो वीणा वाजवतो, आणि राजाला तेवढ्यापुरता आराम पडतो. त्या आत्म्याला कोणी आज्ञा करत नाही, आणि तो कायमचा जातही नाही. पुढे त्याच्याच झटक्यात शौल वीणा वाजवणाऱ्या दावीदावर भाला फेकतो. दुष्ट आत्मा देवाकडून आला हे वाक्य अनेक ख्रिस्ती वाचकांना अवघड वाटते, पण देवाच्या सत्तेबाहेर काहीच नाही असे मानणाऱ्या प्राचीन इस्राएलला ते तितके अवघड वाटत नसावे.

भूत पळवून लावण्याची खरी कथा तोबीतच्या पुस्तकात येते. हे पुस्तक कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. सारा नावाच्या मुलीचे एकामागून एक सात नवरे लग्नाच्या रात्रीच अस्मोदियस नावाच्या दुष्टात्म्याकडून मारले जातात. आठवा वर तोबियस हा राफाएल दूताच्या सल्ल्याने माशाचे काळीज आणि यकृत धुपाच्या निखाऱ्यांवर टाकतो, त्या वासाने अस्मोदियस थेट इजिप्तपर्यंत पळतो आणि तिथे राफाएल त्याला जखडून टाकतो. आपल्याकडची धुरी ज्याला माहीत आहे, त्याला ही कथा परकी वाटणार नाही.

येशूच्या काळी भुते काढणे हा अनेकांना ठाऊक असलेला उद्योग होता. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस याने आपल्या डोळ्यांदेखत घडलेला एक प्रसंग नोंदवला आहे. एलाजार नावाच्या माणसाने रोमन सम्राट वेस्पासियन, त्याचे मुलगे आणि त्याचे सैनिक यांच्यासमोर एका भूतग्रस्ताच्या नाकाशी अंगठी धरली. त्या अंगठीच्या मुद्रेखाली शलमोन राजाने सांगितलेल्या मुळ्यांपैकी एक बसवलेली होती. ती हुंगताच भूत नाकपुडीतून ओढले गेले, माणूस खाली पडला, आणि एलाजारने शलमोनाचे नाव घेत, त्याने रचलेले मंत्र म्हणत, भुताला पुन्हा न येण्याची शपथ घातली. प्रेक्षकांची खात्री पटावी म्हणून त्याने थोड्या अंतरावर पाण्याचे भांडे ठेवले होते, आणि जाताजाता ते पालथे करण्याची आज्ञा त्याने भुताला केली. अंगठी, मुळी, मोठ्या माणसाचे नाव, मंत्र आणि शेवटी पुरावा असा तो सगळा सरंजाम होता. शुभवर्तमाने, म्हणजे येशूच्या जीवनाची मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची चार पुस्तके, वाचताना हे चित्र मनात ठेवले, तर तिथे काय नाही हे चटकन लक्षात येते.

मार्कच्या शुभवर्तमानात येशूचा पहिला जाहीर चमत्कार भूत काढण्याचाच आहे. कफर्णहूमच्या सभास्थानात शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या, दिवशी एक भूतग्रस्त माणूस ओरडतो की तू कोण आहेस हे मला ठाऊक आहे, तू देवाचा पवित्र पुरुष आहेस. येशू एवढेच म्हणतो, गप्प राहा आणि याच्यातून नीघ. अशुद्ध आत्मा त्या माणसाला पिळवटून, मोठ्याने ओरडून निघून जातो. लोक थक्क होतात, पण ते ज्या शब्दांत बोलतात ते पाहण्यासारखे आहे: 'ही काय नवी शिकवण, आणि काय हा अधिकार!' अशुद्ध आत्मेही याचे ऐकतात, हे त्यानंतर येते. मत्तय एका वाक्यात सांगतो की येशूने शब्दाने आत्मे घालवले. त्यात मुळी, अंगठी किंवा धूप यांपैकी काही नाही, आणि येशू कोणा थोरामोठ्याचे नावही घेत नाही. माझ्या मते या सगळ्या कथांची किल्ली इथे आहे: त्या भुतांविषयी कमी आणि अधिकाराविषयी जास्त आहेत.

मूळ ग्रीक शब्दांकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. 'एक्झॉर्सिझम', म्हणजे भूत काढण्याचा विधी, हा शब्द ज्या ग्रीक धातूपासून आला त्याचा अर्थ आहे शपथ घालणे, म्हणजे एखाद्या वरचढ शक्तीचे नाव घेऊन भुताला बांधणे. येशूच्या तोंडी हा शब्द एकदाही येत नाही. त्याच्या संदर्भात येतात ते 'धमकावणे', 'बाहेर काढणे', 'आज्ञा करणे' असे साधे शब्द. शपथ घातली जाते ती मार्कच्या ५व्या अध्यायात, पण ती घालतो भूतच. येशूच्या पायांवर पडून तो म्हणतो, तुला देवाची शपथ, मला छळू नकोस. मांत्रिकाची भाषा भुताच्या तोंडी घालण्यात मार्कने मिस्कीलपणा केला आहे, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

ती गरसेकरांच्या प्रदेशातली कथा थोडी सविस्तर पाहिली पाहिजे, कारण बायबलमधील भूतबाधेचे एवढे भरीव वर्णन दुसरीकडे नाही. गालील सरोवराच्या पूर्वेला, यहुदी नसलेल्या लोकांच्या वस्तीत, एक माणूस थडग्यांमध्ये राहत असे. गावकऱ्यांनी त्याला बेड्यांनी आणि साखळ्यांनी अनेकदा बांधले होते, आणि त्याने त्या दर वेळी तोडल्या होत्या. रात्रंदिवस तो डोंगरात ओरडत फिरे आणि दगडांनी स्वतःला ठेचून घेई. येशू त्याला नाव विचारतो. भुताला नाव विचारल्याचा प्रसंग मार्कमध्ये हा एकच आहे. उत्तर येते, 'माझे नाव सैन्य, कारण आम्ही पुष्कळ आहोत.' मूळ शब्द 'लेगिओन' असा आहे, म्हणजे सुमारे पाच हजार शिपायांची रोमन पलटण. रोमच्या टाचेखाली राहणाऱ्या श्रोत्यांना हा शब्द ऐकताना काय वाटले असेल, याचा अंदाज करता येतो. त्या भागात लढलेल्या रोमन दहाव्या पलटणीच्या चिन्हांपैकी एक रानडुक्कर होते, म्हणून काही अभ्यासक या कथेत रोमवरचा टोमणाही पाहतात. तो अर्थ शक्य आहे, पण कथा त्यावर उभी नाही. भुते डुकरांत शिरण्याची परवानगी मागतात, ती मिळते, आणि सुमारे दोन हजारांचा कळप कड्यावरून धावत जाऊन सरोवरात बुडतो.

डुकरांचे काय चुकले, हा प्रश्न वाचक हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. कथेत त्याचे उत्तर नाही. ज्या श्रोत्यांच्या लेखी डुक्कर हा अपवित्र प्राणी होता, त्यांना अशुद्ध आत्मे अशुद्ध प्राण्यांत जाणे साजेसे वाटले असेल. प्रत कोणती वाचावी हाही घोळ आहेच: जुन्या हस्तलिखितांत प्रदेशाचे नाव कुठे गरसा, कुठे गदरा, कुठे गर्गेसा असे येते, आणि गरसा शहर तर सरोवरापासून पन्नास किलोमीटरहून दूर आहे. मत्तयाच्या कथेत भूतग्रस्त एक नसून दोन आहेत. पण मार्कची नजर जिथे थांबते ते दृश्य वेगळे आहे. गावकरी धावत येतात तेव्हा तो माणूस कपडे घालून, शुद्धीवर येऊन, शांत बसलेला असतो, आणि ते पाहून ते घाबरतात. त्याचे ओरडणे त्यांच्या सवयीचे होते, त्याचे शहाण्यासारखे बसणे नव्हते. ते येशूला आमच्या हद्दीतून जा अशी विनवणी करतात. तो माणूस येशूबरोबर जायला निघतो, पण येशू त्याला सोबत घेत नाही. घरी, आपल्या माणसांकडे जा आणि काय घडले ते सांग, असे म्हणून परत पाठवतो. थडग्यांतून घरी परतणे हा या कथेचा शेवट आहे.

आजच्या वाचकाचा पुढचा प्रश्न आजाराचा असतो. मार्कच्या ९व्या अध्यायातील मुलगा जमिनीवर पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, ताठ होतो; बाप सांगतो की लहानपणापासून हे असेच आहे आणि कितीदा तो विस्तवात आणि पाण्यात पडला आहे. अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे, एवढे अचूक वर्णन दवाखान्यातल्या कागदावरही शोभेल. याच मुलासाठी मत्तय जे ग्रीक क्रियापद वापरतो त्याचा शब्दशः अर्थ 'चंद्राचा झटका बसणे' असा आहे, आणि त्या काळी तो फेफऱ्यासाठीच रूढ होता. मग ही बाधा की आजार? एक गोष्ट आधी नोंदवायला हवी, ती अशी की शुभवर्तमाने प्रत्येक आजाराला भूतबाधा मानत नाहीत. मत्तयाच्या ४थ्या अध्यायात येशूकडे आणलेल्यांच्या यादीत भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षाघात झालेले अशी वेगवेगळी नावे आहेत. कुष्ठरोगी, आंधळा, तापाने फणफणलेली पेत्राची सासू यांच्यातून कोणी भूत काढत नाही. लूकमधील १८ वर्षे वाकून चालणाऱ्या बाईला सैतानाने बांधले होते असे येशू म्हणतो, तरी तिला तो मुक्त करतो ते हात ठेवून. आत्म्याला तो काही बोलत नाही. उलटपक्षी, सगळीकडे रेघ इतकी स्वच्छ नाही, आणि या मुलाच्या बाबतीत ती नाहीच. काही ख्रिस्ती अभ्यासक म्हणतात की येशूने त्या काळच्या लोकांच्या भाषेत आजारच बरा केला. काही म्हणतात की आजारामागे दुष्ट शक्ती असू शकते. आणि तिसरा गट दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात असे मानतो. या कथेत येशूच्या शिष्यांना त्या मुलातून आत्मा काढणे जमले नव्हते. का जमले नाही, असे त्यांनी विचारल्यावर येशू सांगतो की ही जात प्रार्थनेनेच निघते. 'आणि उपासाने' हे शब्द काही हस्तलिखितांत आहेत, सर्वांत जुन्यांत नाहीत. पुष्कळ मंडळी आजही या दोन शब्दांवर भुते काढण्याची पूर्ण पद्धत उभारतात.

विरोधकांना येशूने भुते काढली याविषयी शंका नव्हती. त्यांचा आरोप असा होता की तो भुतांचा अधिपती बालजबूल याच्या मदतीने भुते काढतो. येशू त्यावर विचारतो की सैतानच सैतानाला कसा हाकलेल, आणि आपसात फूट पडलेले राज्य टिकेल कसे. शिवाय तुमची माणसे भुते काढतात ती मग कोणाच्या मदतीने? म्हणजे दुसरेही हे काम करत होते, हे तो सरळ मान्य करतो. लूकमध्ये तो पुढे म्हणतो की मी देवाच्या बोटाने भुते काढत असेन, तर देवाचे राज्य तुमच्यापर्यंत येऊन पोहोचले आहे. हे 'देवाचे बोट' जुन्या करारातील निर्गम या पुस्तकातून, इजिप्तच्या जादूगारांनी मोशेपुढे हात टेकताना काढलेल्या उद्गारातून आले आहे. त्याच ओघात रिकाम्या घराचा दाखला येतो: बाहेर पडलेला आत्मा कोरड्या जागी भटकतो, विसावा मिळत नाही म्हणून जुन्या घरी परततो, ते झाडून लावून ठेवलेले पण रिकामे पाहतो, आणि आणखी सात जणांना घेऊन आत राहायला येतो. भूत काढणे म्हणजे काम संपले, असे स्वतः येशूही मानत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तर अशी एकही कथा नाही, हेही विसरू नये.

येशूनंतरच्या पहिल्या प्रचारकांची हकीगत सांगणाऱ्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात दोन प्रसंग लक्षात राहतात. फिलिप्पै शहरात एका दासीला भविष्य सांगणारा आत्मा होता आणि तिच्या मालकांची त्यावर चांगली कमाई होत असे. ती पौल या प्रचारकाच्या मागे फिरत 'ही माणसे परात्पर देवाचे दास आहेत' असे ओरडते, आणि ते खरेच असते. तरीही पौल त्या आत्म्याला येशूच्या नावाने बाहेर काढतो. मालकांना दासीच्या सुटकेपेक्षा बुडालेल्या मिळकतीची चिंता, म्हणून पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके आणि तुरुंग. दुसरा प्रसंग इफिसचा, आणि तो उघड विनोदी आहे. स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे 'पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची तुम्हाला शपथ' असे म्हणून भूत काढू पाहतात. भूत म्हणते, येशूला मी ओळखतो, पौलही मला ठाऊक आहे, पण तुम्ही कोण? आणि तो माणूस त्या सातांवर असा तुटून पडतो की ते उघडेनागडे, जखमी होऊन घराबाहेर पळतात. नव्या करारात 'एक्झॉर्सिस्ट', म्हणजे भुते काढणारा, हा शब्द एकदाच येतो, आणि तो या फजितीच्या गोष्टीत. त्यानंतर शहरातील जादूटोणा करणारे आपल्या पोथ्या आणून जाळतात. त्यांची किंमत ५०,००० चांदीची नाणी भरते.

पौलाच्या पत्रांत भुते कशी काढावीत याची एक ओळही सूचना नाही. मार्कच्या शेवटी 'ते माझ्या नावाने भुते काढतील' हे वचन आहे, पण ते ज्या बारा ओळींत येते त्या चौथ्या शतकातील दोन प्रमुख हस्तलिखितांत नाहीत. असे असूनही चर्चमध्ये या कामाला लवकरच ठरावीक जागा मिळाली. रोमचा बिशप कॉर्नेलियस याच्या २५१ च्या सुमाराच्या पत्रात त्याच्या चर्चमधील एक्झॉर्सिस्ट, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२ जण असल्याची नोंद आहे. बाप्तिस्म्याच्या, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधीच्या, आधी उमेदवारावर भूत घालवण्याच्या प्रार्थना होत. त्याचा अंश आजही उरला आहे. वसईत किंवा गोव्यात कॅथलिक बाळाच्या बाप्तिस्म्याला गेलेल्यांनी 'सैतानाचा त्याग करता का' हा प्रश्न आईवडिलांना विचारलेला ऐकला असेल.

चित्रपटांनी लोकप्रिय केलेला क्रूस, पवित्र पाणी आणि लांबलचक लॅटिन प्रार्थना यांचा विधी मुख्यतः १६१४ च्या रोमन विधिग्रंथातून आला. त्या ग्रंथाची सुरुवातीची सूचना मात्र चित्रपटात क्वचितच दिसते: कोणाला बाधा झाली आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नये. खुणा म्हणून त्यात न शिकलेली भाषा बोलणे, दूरचे किंवा गुप्त ते सांगणे, वयाच्या आणि प्रकृतीच्या मानाने अफाट बळ असणे अशा गोष्टी दिल्या आहेत. त्यांतील बळ गरसेकरांच्या कथेत दिसते. परक्या भाषेचा शुभवर्तमानांत मागमूसही नाही. इंग्लंडच्या चर्चने १६०४ मध्येच बिशपच्या परवान्यावाचून उपास-प्रार्थनेने भुते काढण्याची पाळकांना मनाई केली होती. कॅथलिक चर्चने १९७२ मध्ये एक्झॉर्सिस्ट ही खालची धर्मपदवी रद्द केली. १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेतील ११७२व्या कलमानुसार स्थानिक बिशपच्या खास परवानगीशिवाय असा विधी करता येत नाही, आणि ती परवानगी धार्मिक, जाणत्या, विवेकी आणि निष्कलंक वर्तनाच्या धर्मगुरूलाच मिळते. १९९९ मध्ये विधीची सुधारित आवृत्ती निघाली. कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथही सांगतो की मानसिक आजार हा वेगळा विषय असून तो वैद्यकशास्त्राचा आहे, आणि विधीपूर्वी आपल्यासमोर आजार नाही ना, याची खात्री करून घ्यावी. पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांत अशी मध्यवर्ती परवानगी नसते. तिथे 'सुटकेची सेवा' म्हणून पाळक किंवा विश्वासी एकत्र प्रार्थना करतात. खऱ्या विश्वासणाऱ्याला बाधा होऊच शकत नाही, कारण त्याचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे मानणारे प्रोटेस्टंटही पुष्कळ आहेत.

ही सावधगिरी नेहमी पाळली गेली नाही. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात एका तरुण विद्यार्थिनीवर, जिच्यावर आधी अपस्मारासाठी उपचार झाले होते, १९७५-७६ मध्ये बिशपच्या परवानगीने ६७ वेळा हा विधी झाला. तिने अन्न सोडले आणि जुलै १९७६ मध्ये कुपोषणाने ती मरण पावली. १९७८ मध्ये न्यायालयाने तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी दोषी ठरवले. शिक्षा सहा महिन्यांची, तीही स्थगित, अशी झाली.

महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कोणत्याही एका धर्मापुरता नाही, त्यामुळे भगत, मांत्रिक आणि प्रार्थनेच्या नावाखाली मारझोड करणारा कोणीही त्याच्या कक्षेत येतो. कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच नोंदीत भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे या गोष्टी येतात. मार्कच्या ५व्या अध्यायातही साखळ्या आहेत. त्या येशू येण्याच्या आधी गावकऱ्यांनी घातल्या होत्या.